दोन दारी की चार दारी

काचकाकांचं दुकान म्हणजे एक शटर, आत एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गाड्यांच्या दारांच्या पोटातलं सामान. गाडीच्या काचा वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करायची, एवढंच काम ते करत. इंजिनाला हात लावत नसत. कुणी गळ घातलीच तर म्हणत, "मी खिडकीतला माणूस आहे, बॉनेटखाली मला कुणी ओळखत नाही."

लोक फोन करत आणि एका दमात सांगून मोकळे होत, की काच अडकलीय, लवकर या. कोणती गाडी म्हटलं की रंग सांगत. काका मात्र आधी आकार विचारून घेत. दारं किती? मागे डिकी वेगळी आहे, की मागचं दारच काचेसकट वर उघडतं? काचेभोवती पत्र्याची चौकट आहे का? त्याला कारण होतं. एकाच नावाची गाडी तीन-तीन आकारांत निघते आणि आकार बदलला की दाराच्या आतलं सगळंच बदलतं. दोन दारांच्या गाडीचं दार लांब, काच जड. तिला मोटर दांडगी लागते. बिनचौकटीची काच दार उघडताना बोटभर खाली सरकली पाहिजे, नाहीतर वरच्या रबरात अडकते. धंद्याच्या सुरुवातीला एकदा काका काही न विचारताच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते आणि भलतीच मोटर मिरवून परत आले होते. काकू त्यावर कितीतरी दिवस हसत होत्या. मग फोन घ्यायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. भाजी निवडता निवडता त्या गिऱ्हाइकाला असे प्रश्न विचारत की काकांच्या हातात नेमका भाग पडे.

आता काकू तिकडे होत्या, मुलाकडे, परदेशात. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून गेल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. मग सुनेची नोकरी सुरू झाली. मग नातीला पाळणाघरात सारखं काही ना काही होऊ लागलं. मग मुलानं घर बदललं. कुणाचं चुकलं म्हणावं तर कुणाचंच नाही, आणि तरी दोन वर्षं उलटून गेली होती. रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. नात फोन ओढून घ्यायची, मग बराच वेळ नुसतं छत दिसायचं, मग काकूंचा आवाज लांबून यायचा, जेवलात का? काका म्हणायचे, जेवलो. तब्येत बरी आहे ना? बरी आहे. तिकडे गॅसवर काहीतरी उतू जायचं आणि रविवार संपायचा.

काका दुकानाच्या वरच्या खोलीत राहत. एका माणसापुरता स्वयंपाक त्यांना कधी साधलाच नाही. रेडिओ लावून ठेवत, पण काय चाललंय ते ऐकत नसत. फोन आता त्यांनाच घ्यावा लागे. वंगणाचे हात पुसेपर्यंत निम्मे फोन कटून जात.

असाच एक फोन एका सकाळी आला. आवाज वयस्कर माणसाचा, पण ठणठणीत. मागची डावी काच वर येत नाही म्हणाले. काकांनी दारं विचारली, चार. डिकी?

"डिकी कुठली? मागे लांबच लांब आहे, वर उघडतं दार. दोन्ही मुलं तिथंच बसतात, रस्त्याकडे तोंड करून."

म्हणजे स्टेशन वॅगन. काकांना नवल वाटलं, कारण तसल्या गाड्या आता दिसत नाहीत. मुलांना मागे असं बसवणंही आता कुणी करत नाही. त्यांनी माळ्यावरून एक जुनं खोकं उतरवलं, धूळ झटकली आणि सांगितलेल्या पत्त्यावर गेले. बैठं घर होतं. फाटकाच्या आत गाडी उभी करायचं छप्पर होतं आणि छपराखाली दोरीवर चादरी वाळत होत्या. गाडी नव्हतीच. सांभाळायला ठेवलेल्या मावशी ओल्या हातांनी बाहेर आल्या, काकांच्या हातातली अवजारांची पेटी पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. गाडी विकून जमाना झाला, त्या हळू आवाजात म्हणाल्या, साहेबांच्या डोक्यात हल्ली राहत नाही. आत खुर्चीत बसलेले साहेब मात्र अगदी अदबीनं म्हणाले, की माफ करा, बायको घेऊन गेली असेल मुलांना आणायला.

संध्याकाळी साहेबांच्या मुलीचा फोन आला. ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर बाहेर असे. तिनं मनापासून माफी मागितली. घरातल्या फोनशेजारी भिंतीवर जुने क्रमांक चिकटवलेले होते: नळवाला, गॅसवाला, वीजवाला, काचवाला. साहेब ओळीनं सगळे फिरवत. त्यांतला आता एकच लागत होता. मी तो कागद काढून टाकते, ती म्हणाली. काका म्हणाले, "राहू द्या हो, ताई. फोन घ्यायला माझं काय जातं?"

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. पण फोन येत राहिला आणि काका त्यात गुंतत गेले.

साहेब उमेदीत वजनमापं तपासणारे अधिकारी होते. गावोगावच्या दुकानांतले तराजू आणि काटे तपासत फिरायचे, त्यामुळे आयुष्याचा मोठा भाग गाडीतच गेलेला. फोन आला की तक्रार एकच, काच. गाडी मात्र दर वेळी निराळी. एके दिवशी लांब डिकीची सेडान असे, बटणाच्या काचांची. त्या दिवशी आवाजात हुकमत असे. उद्या वरिष्ठ येणार आहेत, काच आजच्या आज झाली पाहिजे, असं फर्मान सुटे. दुसऱ्या दिवशी वॅगन असे आणि पोरांनी काचेचं हँडल फिरवून फिरवून मोडलेलं असे. कधी छोटी हॅचबॅक. त्या दिवशी आवाज खोल गेलेला असे. "लहानच आहे गाडी," ते म्हणत. "पण एकट्याला पुष्कळ होते." आणि कधी, क्वचित, दोन दारी गाडी. त्या दिवशी पलीकडे विशी-पंचविशीतला पोरगा असे, काकांना अरे मित्रा म्हणणारा. त्या गाडीचा स्टार्टर दगा द्यायचा म्हणून तो ती कायम उतारावर लावायचा, ब्रेक सोडला की गडगडत जाऊन सुरू व्हायची.

सुरुवातीला काकांना वाटलं, म्हातारपणाचा घोळ आहे. पण एकदा चूक झाली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्या दिवशी त्यांनी गाडी न विचारताच, बोलायचं म्हणून, मुलं कशी आहेत असं विचारलं. 

"कुणाची मुलं?" साहेब म्हणाले. आवाज घाबरलेला होता. "माझं लग्न झालेलं नाही. तुम्ही कोण बोलताय?"

फोन ठेवला गेला. काकांना दिवसभर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नेम केला. आधी गाडी विचारायची, मग तोंड उघडायचं. दोन दारी असेल तर बायको नाही, मुलं नाहीत. वॅगन असेल तर मुलं लहान आहेत, त्यांच्या खोड्या विचाराव्यात. सेडान असेल तर साहेब म्हणावं आणि कमी बोलावं. आणि हॅचबॅक असेल तर साहेबांच्या बायकोचं नाव काढू नये, कारण त्या गेलेल्या असतात. काच दुरुस्त करायला त्यांना जावं लागतच नसे. फ्यूज बघा म्हणत, बटण दाबून धरा म्हणत, हँडल जरा बाहेर ओढून फिरवा म्हणत. साहेब थोडा वेळ गप्प राहत आणि मग समाधानानं सांगत, आली वर. कधी म्हणत, नाही आली, उद्या बघू.

हे कुणाला सांगावं असं काकांना फार वाटे. एका रविवारी त्यांनी काकूंना सांगायला सुरुवातही केली. पण नातीनं फोन तोंडात घातला, काकू तिच्यामागे धावल्या, आणि परत आल्या तेव्हा म्हणाल्या, काय म्हणत होता? काका म्हणाले, काही नाही, एक गिऱ्हाईक आहे.

मग दहा-अकराचा सुमार झाला की ते हात धुऊन बसू लागले. शेजारचा टायरवाला चेष्टा करायचा, काका, मुलगी बघायला येणार आहेत की काय? काका हसण्यावारी नेत. फोन आला नाही तर दुपारचं जेवण लांबत असे.

एके दिवशी फोन लवकर आला. गाडी दोन दारी. साहेब घाईत होते. टेलिफोन एक्स्चेंजमागच्या उतारावर गाडी लावायचीय, ते म्हणाले, चारला तिची ड्यूटी सुटते, आणि तिच्या बाजूची काच खाली जात नाही. वारा नाही आला तर तिचं डोकं दुखतं. काकांनी हँडल ओढून फिरवायला सांगितलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तुटलं.

दुपार कलायला लागली तेव्हा पुन्हा फोन वाजला. मुलगी होती. तिला धाप लागली होती. मावशी मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या, फाटक उघडं राहिलं, बाबा घरात नाहीत. आजूबाजूची सगळी घरं पाहून झाली होती, बाग पाहून झाली होती. बाबा तुमच्याशी रोज बोलतात म्हणून विचारते, ती म्हणाली, आज काय म्हणाले?

"आज दोन दारी गाडी होती, ताई."

"दोन दारी? आमच्याकडे तसली गाडी कधी नव्हती."

"तुमच्या जन्माआधी होती," काका म्हणाले. मग क्षणभर थांबले, कारण हे दुसऱ्याच्या घरातलं होतं आणि आपल्याला ते माहीत असावं की नसावं, हेच त्यांना कळेना. "आई तुमच्या, लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या का?"

ती हो म्हणाली. काकांनी शटर अर्धवट ओढलं आणि व्हॅन काढली. मुलीला वाटेत चौकातून घेतलं. तिच्या अंगावर दुकानातला पांढरा कोट तसाच होता. एक्स्चेंज कधीच पाडलं गेलं होतं. त्या जागी फर्निचरचं मोठं दुकान झालं होतं. पण मागचा उतार तसाच होता आणि उतारावर गाड्या लागलेल्या होत्या.

साहेब तिथे होते. एका लाल गाडीशेजारी उभे होते, चालकाशेजारच्या दाराच्या काचेवर पंजा ठेवून. पायात घरातल्या सपाता. गाडीची मालकीण, एक तरुण बाई, पिशव्या घेऊन थोड्या अंतरावर थांबली होती. रागवावं की मदत करावी, तिला ठरवता येत नव्हतं.

मुलगी धावत गेली. "बाबा," म्हणाली आणि त्यांचा हात धरला. साहेबांनी हात सोडवून घेतला. मागे सरकले, पाठ गाडीला टेकली. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, नुसती भीती होती. मुलगी पुन्हा बाबा म्हणाली, आता रडवेल्या आवाजात, आणि ते आणखी आक्रसले. तुम्ही कोण बाई, ते म्हणत होते, मला जाऊ द्या.

काका पुढे झाले. त्यांनी मुलीकडे पाहून फक्त मान हलवली.

"अरे मित्रा," ते म्हणाले, "काचवाला आलोय."

साहेबांनी आवाज ऐकला. चेहरा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. एकदाच तर पाहिलं होतं. पण आवाज ओळखीचा होता. त्यांचे खांदे सैल पडले.

"उशीर केलास," ते म्हणाले. "ती यायची वेळ झाली."

"तिची ड्यूटी बदलली आज. मघाशीच गेली. तुला घेऊन यायला सांगितलंय मला."

साहेबांना ते पटलं. ते मुकाट्यानं व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसले. मुलगी मागे अवजारांच्या पेट्यांमध्ये जागा करून बसली. काकांनी त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. थोडं पुढे गेल्यावर साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, ही कोण? माझी भाची, काका म्हणाले. साहेबांनी पोक्तपणे मान डोलावली.

मग ते बोलू लागले. ती आवाजावरून माणूस ओळखते, म्हणाले. दिवसभर कानाला यंत्र लावून बसते ना. एकदा एकाच दिवसात आपण एक्स्चेंजकडे तीन वेळा उगाचच लांबच्या गावचा फोन जोडून मागितला, फक्त तिचा आवाज ऐकायला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, साहेब, आता बोलायला जवळचंच माणूस शोधा, लांबचे नंबर संपले. हे सांगताना ते स्वतःशीच हसले. काकांनी आरशात पाहिलं नाही.

"लग्नाचं विचारणार आहे तिला," साहेब म्हणाले. "पण फोनवर. समोर मला जमायचं नाही."

मागून मुलीचा आवाज आला. "फोनवरच विचारा. त्या हो म्हणतील."

"तुला काय माहीत?"

"नाही, वाटलं मला," ती म्हणाली.

घर आलं. मावशी फाटकात उभ्या होत्या, त्यांनी साहेबांना आत नेलं, पाय धुतले. मुलगी काकांबरोबर व्हॅनपाशी थांबली. पांढऱ्या कोटाच्या बाहीनं तिनं तोंड पुसलं. म्हणाली, "आई सांगायची, लग्न घरच्यांनी ठरवलं. जन्मभर हेच सांगितलं आम्हाला." मग जरा वेळानं म्हणाली, "तुमच्याशी बोलतात ते. मी समोर असले तर त्यांना मी कोण हेच कळत नाही."

काकांना काहीतरी म्हणायचं होतं. तुमच्या लहानपणाच्या गाडीत ते फार खूश असतात, वॅगनच्या दिवशी तुमच्याच खोड्या सांगतात, असं काहीतरी. पण ते म्हणाले, "चहा घ्या थोडा, ताई. बरं वाटेल," आणि निघाले.

त्यानंतर थोडेच फोन आले, बहुतेक हॅचबॅकचे. मग भावाबहिणींनी मिळून ठरवलं आणि साहेबांना शहराबाहेर अशा माणसांची काळजी घेणाऱ्या एका घरात ठेवलं. मुलीनं फोन करून कळवलं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की तिथं दार बंद असतं, रात्री माणूस जागं असतं, चांगलं आहे. काकाही पुन्हा पुन्हा म्हणत होते, चांगलं केलंत.

चांगलंच होतं ते. पण दहा-अकरा वाजायचे ते वाजतच राहिले.

महिनाभरानं एका कामाच्या दिवशी काकांनी शटर लावलं आणि तिकडे गेले. लांब व्हरांडा होता आणि भिंतीला टेकून खुर्च्या मांडलेल्या होत्या. साहेबांची दाढी गुळगुळीत केलेली होती आणि अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर होता, बाह्या आखूड. काका शेजारच्या खुर्चीत बसले. नमस्कार केला. आवाजानं साहेबांनी मान वर केली, पण तेवढंच.  मग सवयीनं काकांनी विचारलं, गाडी कोणती आहे सध्या?

"गाडी?" साहेब म्हणाले. त्यांना गंमत वाटली असावी. "मला कुठली गाडी? मी चालत जातो शाळेत."

"लांब आहे का शाळा?"

"आई येते अर्ध्यापर्यंत," साहेब म्हणाले.

 काकांच्या फळीवर या वयाची गाडीच नव्हती.  अंगणात कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. साहेब ते पाहत होते, आणि मधेच त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला, रस्ता ओलांडताना पोरं ठेवतात तसा. जेवणाची घंटा झाली तेव्हा एक नर्स येऊन त्यांना उठवून घेऊन गेली.

परत आल्यावर काका दुकानात गेलेच नाहीत. वर जाऊन खाटेवर बसले. बुधवार होता. त्यांनी फोन घेतला आणि काकूंना लावला. तिकडे सकाळ असणार. काकूंनी पहिल्याच घंटेला उचलला, आणि आवाजात धसका होता.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. काही झालं नाही."

"मग आज कसा फोन?"

 तिकडे नात काहीतरी आपटत होती.

"घर खायला उठतं गं," ते म्हणाले. "तू गेल्यापासून. मला एकट्याला नाही राहवत."

 काकूंनी नातीच्या हातातलं काढून घेतलं असावं, आपटणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही दोन वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुमचं बरं चाललंय. काचा, दुकान, शांतता. दर रविवारी म्हणता, बरा आहे."

"म्हणतो खरा."

"मलाही इथं कुठं करमतंय?" त्या म्हणाल्या. "दिवसभर ही पोर आणि मी. हे दोघं येतात तेव्हा थकलेले असतात. बोलायचं कुणाशी?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की मुलाशी बोलून बघते, पण लगेच काही सांगता यायचं नाही, पोरीची शाळा सुरू होईपर्यंत तरी. काकाही म्हणाले, हो, ते आलंच. ते तिकडे येतो म्हणाले असते, पण दुकानाचं काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोघांनाही काहीच ठरवता आलं नाही.

तेवढ्यात नात रडायला लागली. काका नेहमीप्रमाणे म्हणाले, जा, ठेवतो मी.

"ठेवू नका," काकू म्हणाल्या. "असू दे चालू. मी हिला भरवून येते."

त्यांनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा, ओट्यावर किंवा टेबलावर. काकांना नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग वाटीवर चमचा. मग काकूंचं ते लाडीगोडीचं बोलणं, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. काकांना सकाळपासून पोटात काही नसल्याची आठवण झाली. त्यांनी सकाळचा भात ताटलीत काढून घेतला, फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, आणि ते ऐकत ऐकत जेवायला बसले.